उजेडाची मात्रा

(परभणी येथील एका स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दाढ काढल्यावर उरणारा खड्डा आणि तो लवकर भरावा म्हणून त्यावर टाकला जाणारा लेसरचा उजेड, असा विषय मी कळवला तेव्हा व्याख्यानमालेचे चिटणीस फोनवर जरा गप्प झाले. मग म्हणाले, "डॉक्टर, याआधी पाणीप्रश्न झाला, संतसाहित्य झालं. आणि आता दाढ?" मी म्हटलं, ज्याची दाढ रात्री दोन वाजता ठणकलेली आहे तो या विषयाला लहान म्हणणार नाही.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमतो, त्यांनी आमच्या पिढीला विज्ञान शिकवलं. वर्गात कुणी काही छातीठोकपणे सांगितलं की त्यांचे दोन प्रश्न ठरलेले असत : "किती?" आणि "कशावरून?" आज हे दोन प्रश्न मी लेसरला विचारणार आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणाला मधूनच उठायचं असेल तर हरकत नाही. हा उजेड थोतांड नाही. पण तो चुकीच्या तोंडात पडतो आहे. ज्याला त्याची फारशी गरज नाही त्याच्या बिलात तो चढतो, आणि ज्याच्यासाठी त्याचा उपयोग पुराव्यानिशी ठरलेला आहे, त्या माणसापर्यंत तो क्वचितच पोचतो. तो माणूस बहुतेक वेळा आपल्याच एखाद्या तालुक्यातला, तंबाखू खाणारा आणि खिशाने फाटका असतो.

आधी खड्ड्याबद्दल बोलू. दाढ निघाली की जबड्याच्या हाडात तिच्या मुळांच्या आकाराची पोकळी राहते. ती काही मिनिटांत रक्ताने भरते आणि ते रक्त गोठून त्याची गाठ होते. आम्ही कापसाचा बोळा चावून बसायला सांगतो ते या गाठीसाठी. पुढचं सगळं काम तिच्या आत चालतं. पहिल्या दोन दिवसांत पांढऱ्या पेशी येऊन जंतू आणि मेलेला मालमसाला साफ करतात. मग कडांकडून बारीक रक्तवाहिन्या आत शिरतात, तंतू तयार करणाऱ्या पेशी येतात आणि आठवडाभरात गाठीच्या जागी लालसर, मऊ, दाणेदार मांस दिसू लागतं. खड्ड्याच्या तळाशी नवं हाड धरायला सुरुवात होते तीही याच सुमाराला. १९६९ साली अ‍ॅम्लर या अमेरिकन संशोधकाने माणसांच्याच खड्ड्यांतले नमुने ठरावीक दिवसांनी तपासून याचं वेळापत्रक मांडलं. वरची हिरडी पूर्ण मिटायला साधारण साडेतीन ते पाच आठवडे लागतात आणि अडतिसाव्या दिवसाच्या आसपास खड्ड्याचा दोन-तृतीयांश भाग कोवळ्या हाडाने भरलेला असतो. ते हाड पक्कं व्हायला आणखी काही महिने जातात. याच काळात जबड्याची कडा झिजते. वर्षभरात तिची रुंदी जवळपास निम्म्याने कमी होते आणि त्यातली बरीचशी घट पहिल्या तीन महिन्यांतच होऊन जाते. म्हणून कवळीसाठी "दोन-तीन महिन्यांनी या" असं डॉक्टर सांगतात तेव्हा ते तुम्हाला टाळत नसतात.

हे सगळं कुठल्याही यंत्राशिवाय होतं. तोंडातली जखम अंगावरच्या जखमेपेक्षा लवकर भरते आणि व्रणही कमी ठेवते. लाळेतले घटक तिला मदत करतात. निरोगी माणसाची साधी दाढ निघाली तर त्या खड्ड्याला आमच्याकडून एकच गोष्ट हवी असते : त्याच्या वाटेला न जाणं.

आता एक जुनी गोष्ट. "डॉक्टर, वरची दाढ नका काढू, डोळे जातील," असं सांगणारे आजोबा अजूनही सेलू-जिंतूरकडून येतात. वरच्या दाताची नस डोळ्याला जोडलेली असते, हा समज आपल्याकडे घट्ट आहे. आम्ही कॉलेजात असताना यावर हसायचो. पुढे सुश्रुतसंहिता चाळताना दिसलं की वरचा दात हलत असला तरी वैद्याने तो उपटू नये, अतिरक्तस्राव होऊन आंधळेपणासारखे विकार होतात, असा इशारा त्यात दिलेला आहे. म्हणजे आजोबांचा समज त्यांच्या आजोबांपेक्षाही पुष्कळ जुना. शरीररचनेच्या दृष्टीने तो चूक आहे. वरची दाढ काढल्याने नजर जात नाही. पण भूल नाही, टाके नाहीत, जंतुनाशक नाही, अशा काळात दात उपटल्यावर न थांबणारा रक्तस्राव पाहिलेल्या माणसाने "हात लावू नका" म्हटलं असेल, तर त्याला मी हसणार नाही. त्याची भीती खड्ड्याचीच होती. फक्त तिचं कारण त्याने डोळ्यात शोधलं.

खड्ड्याचं बिनसतं कसं? सर्वांत नेहमीचं बिनसणं म्हणजे ड्राय सॉकेट. हे नाव १८९६ सालापासून वापरात आहे. दाढ काढून दोन-चार दिवस होतात, रुग्णाला वाटतं आता सुटलो, आणि एकदम ठणका सुरू होतो. तो कानापर्यंत जातो, तोंडाला वास येतो, चव बिघडते. पाहिलं तर खड्ड्यात गाठ नसते आणि तळाचं हाड उघडं पडलेलं असतं. गाठ एकतर धरलेलीच नसते किंवा वेळेआधी विरघळून गेलेली असते. साध्या दाढेनंतर शंभरात एक ते पाच जणांना हे होतं; खालची अडकलेली अक्कलदाढ हाड कोरून काढली तर काही अभ्यासांत हे प्रमाण तीसपर्यंत गेलेलं दिसतं. उपाय जुनेच आहेत. खड्डा सलाइनने धुवायचा, लवंगतेल असलेलं औषध भरायचं, दुखणं कमी करायच्या गोळ्या द्यायच्या आणि धीर धरायचा. दाढ काढण्याआधी आणि नंतर क्लोरहेक्सिडिनच्या औषधी पाण्याने चूळ भरली, किंवा त्याची जेल खड्ड्यात ठेवली, तर ड्राय सॉकेटचं प्रमाण कमी होतं. याला चांगला आधार आहे. ही बाटली कुठल्याही मेडिकलवर मिळते आणि तिच्यासाठी दवाखान्यावर लेसरसारखी पाटी लावावी लागत नाही.

आणि आता तंबाखू. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात विडी-सिगारेट ओढणारे प्रौढ ३.८ टक्के निघाले. त्या आकड्याचं आपल्याकडे कौतुकही झालं. त्याच सर्वेक्षणात धूर न काढता तंबाखू खाणारे, लावणारे आणि घासणारे २४.४ टक्के होते. म्हणजे महाराष्ट्राचा तंबाखू छातीत कमी जातो, गालात राहतो. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. टपऱ्यांवर काय मिळतं हे मी तुम्हाला सांगायला नको. दाढ काढल्यावर "तंबाखू बंद" असं आम्ही सांगतो, आणि रुग्ण प्रामाणिकपणे मान हलवतो. बाया-बापड्या मात्र मिश्रीला तंबाखू समजत नाहीत. मिश्री हे त्यांच्या लेखी दात घासायचं साधन. दाढ दुखली म्हणून मिश्री, काढली म्हणून त्या बाजूला आणखी जरा मिश्री. भाजलेल्या तंबाखूची पूड ताज्या गाठीवर बोटाने चोळायची, मग जोरात चूळ भरायची आणि पचकन थुंकायचं. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, बोटाने गाठ हलते, थुंकताना ती ओढली जाते. गाठ घालवायची असेल तर याहून खात्रीची रीत मला तरी सुचत नाही. म्हणून "मावशी, तंबाखू खाता का?" असा प्रश्न मी विचारतच नाही. "सकाळी दात कशाने घासता?" असं विचारतो. उत्तर खरं येतं.

आता उजेडाकडे वळू. उजेडाने जखम बरी करणं ही कल्पना लेसरच्या आधीची आहे. डेन्मार्कमधल्या नील्स फिन्सेन यांना १९०३ साली वैद्यकाचं नोबेल मिळालं ते त्वचेच्या क्षयावर एकवटलेल्या प्रकाशाने केलेल्या उपचारासाठी. लेसर आला १९६० मध्ये. १६ मे रोजी अमेरिकेत थिओडोर मायमन यांनी माणकाच्या कांडीतून पहिला लेसरकिरण काढला. साध्या दिव्याचा उजेड अनेक रंगांचा आणि सगळीकडे पसरणारा; लेसरचा उजेड एकाच तरंगलांबीचा आणि एकाच दिशेने जाणारा. सात वर्षांनी बुडापेस्टमध्ये एंड्रे मेस्टर हे शल्यविशारद उंदरांवर काम करत होते. लेसरचा कर्करोगाशी काय संबंध लागतो हे त्यांना तपासायचं होतं. त्यांनी उंदरांच्या पाठीवरचे केस काढले आणि काहींवर कमी शक्तीचा माणिक-लेसर टाकला. कर्करोगाबद्दल हाती काही लागलं नाही, पण उजेड पडलेल्या उंदरांचे केस इतरांपेक्षा लवकर उगवले. पुढे त्यांनी न भरणाऱ्या जखमा असलेल्या माणसांवर हा उजेड वापरून पाहिला. या उपचाराची सुरुवात इथून. कमी शक्तीच्या लेसरचा उपचार असं त्याला म्हणत. हल्ली शास्त्रीय लेखनात फोटोबायोमॉड्युलेशन हे लांबलचक नाव चालतं. आमच्याकडचे रुग्ण त्याला "लाईटचा शेक" म्हणतात.

पण यात शेक नाही, हे नीट समजून घेतलं पाहिजे. हिरडी कापणारा, हाड कोरणारा लेसर ऊतक तापवतो, त्यातलं पाणी उडवतो. बरं करणाऱ्या लेसरची शक्ती साधारण अर्ध्या वॉटच्या खाली असते आणि रुग्णाला गरम लागत नाही. तांबड्या आणि त्यापलीकडच्या, डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचा, सुमारे सहाशे ते हजारभर नॅनोमीटरचा पट्टा यासाठी वापरतात, कारण या पट्ट्यात रक्त आणि पाणी प्रकाश कमी शोषतात आणि तो थोडा खोल जातो. पेशीच्या आत ऊर्जा तयार करणारी मायटोकॉन्ड्रिया असते. तिच्यातलं सायटोक्रोम सी ऑक्सिडेज नावाचं विकर हा प्रकाश शोषतं, असं रशियातल्या टीना कारू यांच्या कामापासून मानलं जातं. दमलेल्या, ऑक्सिजन कमी पडलेल्या पेशीत या विकराला नायट्रिक ऑक्साइड चिकटून बसतो आणि काम मंदावतं. प्रकाशाने तो सुटतो, पेशीला ऊर्जा जास्त मिळते, पेशींना विभागायला आणि तंतू तयार करायला सांगणारे संदेश सुटतात. सगळे तपशील अजून पक्के झालेले नाहीत, पण चित्र साधारण असं आहे. यातले "दमलेल्या पेशीत" हे शब्द लक्षात ठेवा. जी पेशी मुळात जोमाने काम करते आहे तिला हा उजेड फार काही देऊ शकत नाही.

गुरुजींचा पहिला प्रश्न : किती? आपल्या शहरात कृषी विद्यापीठ आहे, त्यामुळे हे समजावणं सोपं आहे. कपाशीला युरिया कमी पडला तर पीक पिवळं राहतं, बेताचा दिला तर तरारतं, आणि शेजाऱ्याने दोन पोती टाकली म्हणून आपण चार टाकली तर नुकसान होतं. या उजेडाचंही तसंच आहे. थोडा दिला तर परिणाम नाही, मधल्या मात्रेत पेशी चेततात, जास्त दिला तर उलट दबतात. मात्रा मोजतात ज्यूलमध्ये, आणि हिशेब सातवीच्या मुलाला येईल असा आहे : वॉट गुणिले सेकंद. शंभर मिलिवॉटचा किरण चाळीस सेकंद धरला तर चार ज्यूल झाले. ते एका चौरस सेंटिमीटरवर पडले की पाव चौरस सेंटिमीटरवर, यावर पुन्हा चौपट फरक. गालाच्या बाहेरून धरला तर खड्ड्यापर्यंत किती पोचला, आतून धरला तर किती, खड्डा रक्ताने भरलेला होता का, टोक हिरडीला टेकवलं होतं की लांब होतं, या सगळ्याने मात्रा बदलते. अनेक दवाखान्यांतल्या डायोड लेसरमध्ये कापण्यासाठी एक बारीक टोक असतं आणि शेकण्यासाठी एक रुंद टोक बसवता येतं. यंत्र तेच, पायाखालचं बटण तेच. म्हणून यंत्र कुठलं एवढंच कळून चालत नाही. तुम्हाला कुणी हा उपचार देऊ केला तर तरंगलांबी किती, ज्यूल किती आणि किती वेळा, हे तीन प्रश्न विचारा. उत्तर देता आलं तर डॉक्टरांवर विश्वास ठेवायला हरकत नाही. "काळजी करू नका, जर्मनीचं मशीन आहे" असं उत्तर आलं तर तुम्हाला आपली ती म्हण आठवेलच : जगात जर्मनी आणि भारतात परभणी. हसून उठा. आणि हो, त्या वेळी डोळ्यांवर त्या लेसरसाठी बनवलेला चष्मा हवा, तुमच्याही आणि डॉक्टरांच्याही. हा किरण दिसत नसला तरी डोळ्याच्या पडद्याला इजा करू शकतो.

दुसरा प्रश्न : कशावरून? इथे मी जरा रेंगाळणार आहे.

दाढ काढल्यानंतरच्या खड्ड्यावर हा प्रकाश तपासणं संशोधकाला फार सोयीचं आहे, दोन कारणांनी. एक म्हणजे माणसाला दोन्ही बाजूंना अक्कलदाढा असतात. एका बाजूला लेसर द्यायचा, दुसऱ्या बाजूला द्यायचा नाही, आणि त्याच माणसाच्या दोन बाजू एकमेकींशी ताडून पाहायच्या. वय, शुगर, सवयी सगळं आपोआप सारखं. दुसरं कारण मला फार आवडतं. अवरक्त किरण दिसतच नाही. यंत्रावर दिसणारा तांबडा ठिपका फक्त नेम धरण्यासाठी असतो. मग उपचार बंद ठेवून नुसता ठिपका दाखवला तर रुग्णाला कळत नाही, यंत्र धरणाऱ्यालाही कळू न देणं जमतं. दुखणं ही अशी गोष्ट आहे की डॉक्टरने प्रेमाने दोन मिनिटं गालावर काहीतरी धरलं तरी ते कमी होतं. म्हणून खोटा उजेड आणि खरा उजेड यांच्यातला फरक तपासल्याशिवाय बोलू नये.

असं तपासल्यावर काय निघालं? १९८८ साली एका जपानी प्रयोगात उंदरांच्या खड्ड्यांत लेसरमुळे नवं हाड लवकर धरलेलं दिसलं. उत्साह वाढला. १९९३ मध्ये ब्रिटनमध्ये अक्कलदाढा काढलेल्या रुग्णांवर, कुणाला खरा उजेड मिळतो हे कळू न देता, चाचणी झाली, तीत ना दुखण्यात फरक पडला ना जखम भरण्यात. २०१२ मध्ये ब्राझीलमध्ये, दात सरळ करण्यासाठी उपदाढा काढलेल्या किशोरवयीन मुलांवर हेच करून पाहिलं. खरा उजेड आणि खोटा उजेड सारखेच ठरले. त्याच वर्षी खालच्या अक्कलदाढांवरच्या चाचण्यांचा एक एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष असा की दुखणं आणि सूज यांवर फायदा दिसत नाही, तोंड आखडतं त्यावर मध्यम फायदा दिसतो. पुढच्या काही आढाव्यांत दुखणं आणि सूज यांवरही थोडा फायदा निघाला. या चाचण्या बहुतेक लहान आहेत, आणि प्रत्येकीत तरंगलांबी वेगळी, ज्यूल वेगळे, दिवस वेगळे. काही प्रयोगशाळांनी मात्रा नीट लिहूनही ठेवलेली नाही. मग त्यांची बेरीज करून येणाऱ्या सरासरीला काय अर्थ राहतो?

ब्राझीलची ती मुलं मला महत्त्वाची वाटतात. चौदा-पंधरा वर्षांचं निरोगी पोर, निरोगी हाड, नीट काढलेला दात. त्याच्या खड्ड्यात एकही पेशी दमलेली नाही. तिथे उजेडाने काही केलं नाही यात नवल काय? आणि तरीही खासगी दवाखान्यांत हा उपचार मुख्यतः अशाच माणसांना मिळतो : तरुण, नोकरदार, वर्षातून एकदा दात साफ करून घेणारा. कारण पैसे देणाराही तोच असतो. अशा माणसाला मी साध्या दाढेनंतर लेसर देत नाही. अडकलेली अक्कलदाढ कोरून काढली असेल आणि तोंड आखडण्याची भीती असेल तर त्याचा विचार करता येतो, पण फायदा माफक आहे हे आधी सांगून. अक्कलदाढेनंतरच्या दुखण्यावर पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन या गोळ्या एकत्र घेण्याचा पुरावा लेसरपेक्षा कितीतरी भक्कम आहे. अर्थात मूत्रपिंडाचा किंवा जठराच्या व्रणाचा त्रास असलेल्यांनी दुसरी गोळी विचारल्याशिवाय घेऊ नये.

मग दमलेल्या पेशी कुणाच्या? एक, शुगर असलेल्यांच्या. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे. आता तो शहरातल्या शेठजींचा आजार राहिलेला नाही. पालम-सोनपेठच्या वाडीवरचा मजूर खुर्चीत बसतो आणि बोटातला थेंब तपासला की आकडा पाहून त्यालाही धक्का बसतो. वाढलेल्या साखरेत पांढऱ्या पेशी मंद होतात, बारीक रक्तवाहिन्या खराब झालेल्या असतात, जखम रेंगाळते. इथे प्रकाशाचा उपयोग होईल असं मानायला प्रयोगशाळेतला आधार आहे आणि काही चाचण्या उत्साह वाढवणाऱ्याही आहेत. पण दाढ काढण्याआधी साखर आटोक्यात आणणं हा उपाय पहिला. लेसर त्याच्या नंतर, त्याच्या ऐवजी कधीच नाही.

दोन, आणि आजच्या बोलण्यातला माझा खरा विषय हाच, तोंडाच्या कर्करोगाचा रुग्ण. भारतीय पुरुषांत सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग तोंडाचा आहे. आपल्याकडून हे रुग्ण छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात जातात, बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयात जातात, नाहीतर देवगिरी किंवा नंदीग्राम एक्स्प्रेस धरून मुंबईला टाटा रुग्णालयात. बार्शीचं नाव मुद्दाम घेतो, कारण भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ साली तिथे सुरू झाली. या रुग्णाला किरणोपचार द्यायचे तर खराब दाढा आधी काढाव्या लागतात, कारण किरण घेतलेल्या जबड्यातली दाढ नंतर काढली तर हाड कुजू शकतं. दाढा काढल्यावर किरणोपचार सुरू करण्याआधी खड्डे मिटायला किमान दोन आठवडे, जमलं तर तीन, द्यावे लागतात. तिकडे गाठ वाढत असते, इकडे खड्डा भरत नाही. दाढ काढल्यानंतरची जखम चार दिवस लवकर भरण्याला खरी किंमत असेल तर ती इथे आहे. पुढे किरणोपचार सहा-सात आठवडे चालतात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून तोंडाची आतली कातडी सोलवटते, गालाला आणि जिभेला फोड येतात, पाण्याचा घोटही जाळत जातो. पेज गिळता येत नाही, वजन घटतं, नळी घालावी लागते आणि काही जण वैतागून उपचार अर्धवट सोडून गावी परततात. अर्धवट उपचार म्हणजे काय होतं, हे मी या सभागृहात उलगडून सांगत नाही.

या सोलवटण्यावर कमी शक्तीच्या लेसरचा उपयोग होतो, आणि इथे "कशावरून"चं उत्तर ठाम आहे. कर्नाटकात मणिपाल इथे दोनशेहून जास्त रुग्णांवर झालेली चाचणी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. रोज किरणोपचाराआधी लेसर दिलेल्यांत तीव्र सोलवटणं आणि दुखणं दोन्ही कमी होतं. रुग्णाला आणि मोजणाऱ्याला, दोघांनाही कुणाला खरा उजेड मिळाला हे ठाऊक नव्हतं. ब्रिटनच्या आरोग्यसेवेला सल्ला देणाऱ्या संस्थेने २०१८ मध्ये याला हिरवा कंदील दिला. कर्करोगरुग्णांच्या पूरक उपचारांचे जागतिक नियम करणाऱ्या तज्ज्ञगटाने २०२० मध्ये डोक्या-मानेच्या किरणोपचारात हा उपचार आधीपासून द्यावा अशी शिफारस केली. म्हणजे पुरावा आपल्या शेजारच्या राज्यातला, रुग्ण आपल्या जिल्ह्यातले, यंत्र कमी शक्तीच्या लेसरचं. परभणीत दंत महाविद्यालय आहे, नांदेड-लातूरलाही आहेत, आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झालं आहे. ज्या केंद्रात किरणोपचार चालतात तिथे रोज अर्धा तास एखादा प्रशिक्षित दंतवैद्य बसवणं ही चंद्रावर जायची गोष्ट नाही. गाठ असलेल्या जागेवरच किरण पडू नये, एवढा विवेक त्या माणसाला हवा. आमच्या व्यवसायातले लोक हे यंत्र घेतात तेव्हा विक्रेता त्यांना अक्कलदाढा आणि हिरड्यांच्या कडा रंगीत चित्रांत दाखवतो. किरणोपचारातल्या रुग्णाचं चित्र मी त्या पुस्तिकेत अजून पाहिलेलं नाही.

याच्या उलट बाजूचा एक धोका सांगून थांबतो. "दात हलतो, काढून टाका," म्हणून माणूस येतो. तंबाखूची गोळी वर्षानुवर्षं तिथेच ठेवलेली. दात हलतो तो हिरडीच्या आजाराने, असं धरून तो काढला जातो. महिना होतो, खड्डा भरत नाही. कडा वर आलेल्या, मध्ये मांस वाढलेलं, बोट लावलं की रक्त. कधी ओठाला बधिरपणा. हा ड्राय सॉकेट नव्हे. ड्राय सॉकेट खूप दुखतो आणि एक-दोन आठवड्यांत शांत होतो. हा मात्र बऱ्याचदा दुखतही नाही, त्यामुळे माणूस हयगय करतो. दात हलवणारी गोष्टच कर्करोगाची गाठ होती आणि दात काढून आपण तिला वाट मोकळी करून दिली, असं होऊ शकतं. अशा खड्ड्यावर कुणी "जखम भरत नाही ना, चला, लेसरचे चार शेक देऊ" म्हणू लागलं तर ते चार शेक म्हणजे चार आठवडे. जखम न भरणं ही इथे खबर असते, आणि त्या खबरेवर उजेड टाकायचा नसतो, जखमेचा तुकडा तपासायला पाठवायचा असतो. माझा नियम साधा आहे : तीन आठवड्यांत खड्डा मिटण्याच्या वाटेवर नसेल तर आधी तुकडा, मग बाकीचं.

वेळ झाली आहे. प्रश्न असतील तर चिठ्ठ्या पाठवा. मिश्रीवरचे प्रश्न बायकांनी थेट विचारावेत, नवऱ्यामार्फत नकोत. आणि तुमच्यापैकी कुणाची दाढ निघून तीन आठवडे उलटून गेलेत आणि जीभ फिरवली की खड्डा अजून तसाच लागतो, त्यांनी चहाला न थांबता आधी माझ्याकडे यावं. मी त्या डावीकडच्या खिडकीजवळ बसतो. टॉर्च आणि हातमोजे बरोबर आणले आहेत.